द ओल्ड वर्ल्ड सुरू करताना नेमकी कोणती पुस्तकं घ्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघं मावसभाऊ पुण्यात राहतात आणि दोघांनाही 'वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड' हा टेबलावर छोट्या मूर्तींच्या फौजा लढवण्याचा खेळ सुरू करायचा आहे. एकाला ब्रेटोनियाचे भालाईत सरदार आवडलेत, दुसऱ्याला टूम किंग्जची सांगाड्यांची फौज. ऑनलाइन दुकानात त्यांना रूलबुक, 'फोर्सेस ऑफ फँटसी', 'रॅव्हनिंग होर्ड्स' आणि 'आर्केन जर्नल' नावाची बारीक पुस्तकांची रांग दिसली. त्यातच कोणीतरी वॉरहॅमरचं एक जुनं जाडजूड पुस्तक स्वस्तात देऊ केलं आहे. हे सगळं घ्यावं लागतं का, आणि आधी काय घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

सगळं अजिबात लागत नाही. तुम्हा दोघांत मिळून तीन पुस्तकं पुरतात: एक रूलबुक, ब्रेटोनियासाठी 'फोर्सेस ऑफ फँटसी' आणि टूम किंग्जसाठी 'रॅव्हनिंग होर्ड्स'. त्यासोबत या तिन्ही पुस्तकांच्या दुरुस्त्यांच्या आणि शंकासमाधानाच्या पीडीएफ उतरवून घ्या. हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या वॉरहॅमर कम्युनिटी या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात. आर्केन जर्नल आत्ता नको, आणि ते स्वस्तातलं जुनं पुस्तक तर मुळीच नको.

आता यामागची कारणं सांगतो. ती कळली की पुढे नवं पुस्तक आलं तरी ते घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

या खेळाचे नियम दोन जागी विभागलेले आहेत आणि नवख्यांची सगळी गफलत तिथेच होते. रूलबुक 352 पानांचं आहे. पुढच्या भागात त्या जगाचा इतिहास आणि नकाशे आहेत, मग हालचाल, चढाई, नेमबाजी, हातघाई, जादू, शस्त्रं आणि लढायांचे प्रसंग. एवढं जाड पुस्तक हातात आलं की माणसाला वाटतं, झालं, आता खेळता येईल. पण त्यात एकाही फौजेची यादी नाही. तुमच्या सरदाराचे गुण (हालचाल, ताकद वगैरेंचे आकडे) किती, तो किती पॉइंट्सचा (दोन्ही फौजा तुल्यबळ ठेवण्यासाठी ठरवलेली किंमत), त्याच्या बेसची (मूर्तीखालच्या बैठकीची) मापं काय, किमान किती जण घ्यावे लागतात, हे सगळं फौजेच्या पुस्तकात असतं. नुसत्या रूलबुकवर दोन फौजा टेबलावर उभ्या करता येतील, पण खेळता येणार नाही.

उलट बाजूने पाहिलं तर फौजेचं पुस्तकही एकटं मुकंच आहे. त्यातल्या कुठल्याही युनिटच्या, म्हणजे पथकाच्या, नोंदीत विशेष नियमांची नुसती नावं दिलेली असतात. त्यातल्या काही नावांचा अर्थ त्याच पुस्तकात त्या फौजेच्या भागात सापडतो आणि उरलेल्यांचा रूलबुकात. टूम किंग्जचं उदाहरण घ्या. तुमचे सांगाडे हातघाईत 3 गुणांनी हरले. जिवंत माणसांसारखं ते पळून जात नाहीत, पण 'अनस्टेबल' हा नियम त्यांना लागू असतो: जितक्या गुणांनी हरलात तितक्या जास्तीच्या जखमा, म्हणजे इथे 3. हा नियम रूलबुकात आहे. मात्र सांगाड्यांच्या फौजेला 'इंडॉमिटेबल' नावाचा स्वतःचा नियम आहे आणि त्यापुढे जो आकडा असेल तितक्या जखमा कमी होतात. तो आकडा 1 असेल तर तीनाऐवजी दोनच सांगाडे पडतील. हा दुसरा नियम 'रॅव्हनिंग होर्ड्स'मध्ये आहे. एका फाशामागचा एक निर्णय, पण त्यासाठी दोन पुस्तकं उघडावी लागतात. ब्रेटोनियाचंही तसंच आहे. भाल्याने चढाई करताना किती जोर वाढतो हे रूलबुकातल्या शस्त्रांच्या भागात मिळेल, पण सरदार ज्या 'लान्स फॉर्मेशन' या खास रचनेत उभे राहतात तिचा नियम 'फोर्सेस ऑफ फँटसी'त आहे. म्हणून रूलबुक आणि आपल्या फौजेचं पुस्तक ही जोडगोळी आहे, एकावाचून दुसरं अर्धवट.

फौजा दोन पुस्तकांत अशा वाटल्या आहेत. 'फोर्सेस ऑफ फँटसी'त एम्पायर, ब्रेटोनिया, ड्वार्फ, हाय एल्फ आणि वूड एल्फ. 'रॅव्हनिंग होर्ड्स'मध्ये ऑर्क व गॉब्लिन, वॉरियर्स ऑफ केऑस, बीस्टमेन आणि टूम किंग्ज. अशा नऊ फौजा झाल्या. तुम्ही दोघांनी नेमक्या दोन वेगळ्या पुस्तकांतल्या फौजा निवडल्यात म्हणून दोन्ही घ्यावी लागताहेत. दुसऱ्या भावाने सांगाड्यांऐवजी ड्वार्फ घेतले असते तर एकाच पुस्तकात भागलं असतं. पण चार पैसे वाचतात म्हणून फौज बदलू नका. ज्या मूर्ती रंगवायला बसावंसं वाटतं त्याच घ्याव्यात, कारण या छंदात रंगवण्यात जाणारा वेळ खेळण्यात जाणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट असतो. पुस्तकाचा खर्च एकदाच होतो, मूर्तींबरोबर मात्र वर्षानुवर्षं राहायचं असतं.

रूलबुक मात्र दोघांत एकच घ्या. समोरासमोर खेळताना एक प्रत टेबलावर मधोमध असली की पुरते, आणि तेच चांगलं, कारण वाद झाला की दोघं एकाच पानावर बोट ठेवतात. पुढे वेगवेगळ्या लोकांशी खेळायला लागलात की दुसरी प्रत आपोआप घेतली जाईल.

आता बॉक्सविषयी, कारण इथे लोकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. जानेवारी 2024 मध्ये हा खेळ आला तेव्हा ब्रेटोनिया आणि टूम किंग्ज याच दोन फौजांचे मोठे बॉक्स निघाले होते. त्यांत मूर्तींबरोबर रूलबुकही होतं. असा बॉक्स कुठे शिल्लक किंवा कोणाकडे न उघडलेला मिळाला तर तुमच्यासारख्यांना तो सोयीचाच आहे. फक्त लक्षात ठेवा, त्यातही फौजेची यादी नव्हती, ते पुस्तक वेगळं घ्यावंच लागतं. आणि ज्या बॉक्सवर 'बटालियन' लिहिलेलं असतं त्यात नुसत्या मूर्ती असतात, पुस्तक नसतं. ऑर्डर देण्याआधी बॉक्समध्ये काय काय आहे ती ओळ नीट वाचा. इथे मालाबरोबर कुरिअर आणि सीमाशुल्कही भरावं लागतं, त्यामुळे चुकीचं जाड पुस्तक परत पाठवणं परवडत नाही.

स्वस्तातल्या जुन्या पुस्तकाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. वॉरहॅमर हा खेळ 1983 पासून आहे. त्याची आठवी आवृत्ती 2010 मध्ये आली. 2015 मध्ये कंपनीने ते जग संपवलं आणि त्या जागी 'एज ऑफ सिगमार' हा वेगळा खेळ आणला. मग 2024 मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने तेच जुनं जग परत आलं. फौजा ओळखीच्या, रांगेत उभं राहून लढणं ओळखीचं, बऱ्याच नियमांची नावंही तीच. म्हणून विकणारा अगदी प्रामाणिकपणे सांगतो की 'हा तोच खेळ आहे'. पण तो तोच खेळ नाही. साधी चढाई घ्या. माणसांच्या पायदळाची हालचाल 4 इंच. आठव्या आवृत्तीत चढाईला दोन फासे टाकून दोघांची बेरीज हालचालीत मिळवायची, म्हणजे जास्तीत जास्त 16 इंच. ओल्ड वर्ल्डमध्ये दोन फासे टाकायचे, पण त्यातला मोठा तेवढाच धरायचा, म्हणजे जास्तीत जास्त 10 इंच. सहा इंचांच्या या फरकाने सगळी लढाई बदलते. कुठे थांबायचं, कोणाच्या टप्प्यात यायचं नाही, धनुर्धारी किती पुढे न्यायचे, सगळे अंदाज वेगळे होतात.

हातघाईत हरल्यावरची चाचणीही तशीच. समजा ब्रेटोनियाचं एक पथक 2 गुणांनी हरलं आणि त्याची लीडरशिप (न डगमगता टिकून राहण्याचा गुण) 8 आहे. दोन फाशांवर 7 पडले. जुन्या खेळात आठातून दोन वजा करून सहाच्या आत टाकावं लागे, म्हणजे सातावर पथक उधळून पळालं. ओल्ड वर्ल्डमध्ये आधी फाशांवरचा मूळ आकडा बघायचा. 7 हा 8 च्या आत आहे, म्हणजे पळापळ नाही. मग त्यात 2 मिळवायचे. 9 झाले, ते 8 च्या वर गेले, म्हणून पथक शिस्तीत मागे हटतं आणि पुढच्या वेळी पुन्हा लढू शकतं. ती बेरीजही आठाच्या आत राहिली असती तर पथक नुसतं थोडं मागे सरकलं असतं. एका निकालाच्या जागी तीन पायऱ्या आल्या आहेत. या खेळातला मला सर्वांत आवडणारा बदल हाच, कारण एका वाईट फाशाने तासभराचा डाव कोसळत नाही. जुन्या पुस्तकावरून शिकलात तर नेमकी हीच गोष्ट तुमच्या हातून निसटेल आणि चुकीची सवय मोडायला पुन्हा महिने जातील. संग्रहासाठी, चित्रांसाठी, त्या जगाच्या गोष्टींसाठी जुनं पुस्तक जरूर घ्या, ते फार देखणं आहे. नियम शिकायला घेऊ नका.

नावाच्या सारखेपणातून आणखी एक घोटाळा होतो. याच जगावर 'क्युबिकल 7' या प्रकाशकाचा रोलप्लेइंग खेळ आहे आणि त्याच्याही नावात 'द ओल्ड वर्ल्ड' आहे. त्याची प्लेयर्स गाइड सुंदर असली तरी ती पात्रं घेऊन गोष्ट रंगवण्याच्या खेळाची आहे, तिच्यात फौजांची लढाई नाही. शोधताना पुस्तकाचं पूर्ण नाव आणि प्रकाशक दोन्ही तपासा.

आर्केन जर्नल म्हणजे प्रत्येक फौजेची पातळ पुरवणी. त्यात त्या फौजेतली नावाजलेली पात्रं, काही जादूच्या वस्तू, एखाददुसरं नवं युनिट आणि मुख्य म्हणजे 'आर्मीज ऑफ इन्फमी' नावाच्या पर्यायी याद्या असतात. ब्रेटोनियाच्या जर्नलमध्ये एरंट्री क्रुसेड आणि ब्रेटोनियन एक्झाइल्स अशा दोन आहेत. टूम किंग्जच्या जर्नलमध्ये नेहेखारन रॉयल होस्ट आणि मॉर्च्युअरी कल्ट. या याद्यांत काही युनिट काढून घेतलेली असतात आणि काही वेगळ्या प्रमाणात घेता येतात. मूळ यादी अंगवळणी पडलेल्या माणसाला त्यात खरी मजा येते. ज्याने मूळ यादीतलं एकही युनिट अजून टेबलावर चालवलेलं नाही त्याला काय बदललं हेच कळत नाही. म्हणून मूळ यादीवर मन भरेपर्यंत खेळा. 'मला तरुण सरदारांचीच बेभान फौज उभी करायची आहे' असं नेमकं काही मनात आलं की जर्नल घ्या. नुसतं 'माझ्या फौजेचं आहे म्हणून असू दे' एवढ्यावर घेऊ नका.

याला एक अपवाद आहे. 2025 मध्ये ग्रँड कॅथे ही नवी फौज आली. ती वरच्या दोन पुस्तकांपैकी कशातच नाही, तिची संपूर्ण यादी तिच्या आर्केन जर्नलमध्येच आहे. कॅथेवाल्याला रूलबुक आणि ते जर्नल एवढंच पुरतं.

आणि सात फौजा अशा आहेत की ज्यांना पुस्तकच विकत घ्यावं लागत नाही. डार्क एल्फ, स्केव्हन, व्हँपायर काउंट्स, डेमन्स ऑफ केऑस, ओगर किंग्डम्स, लिझर्डमेन आणि केऑस ड्वार्फ. यांच्या याद्या कंपनीने खेळ आला तेव्हाच पीडीएफ स्वरूपात फुकट दिल्या. त्यांना पुढे जर्नल किंवा नव्या मूर्ती मिळणार नाहीत आणि कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत त्या चालत नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट केलं होतं. इतरत्र आयोजकांवर अवलंबून असतं, आधी विचारून घ्यावं. घरी खेळायला त्यांना काहीच अडचण नाही. तुमच्यात तिसरा कोणी आला आणि त्याच्याकडे जुने ओगर पडून असले तर त्याला फक्त मूर्ती घेऊन यायला सांगा. रूलबुक तुमच्याकडे आहेच.

दुरुस्त्यांच्या पीडीएफविषयी मी आग्रही आहे. छापलेल्या पुस्तकात चुका राहतात, काही नियम खेळताना फारच वरचढ ठरतात आणि कंपनी ते वेळोवेळी बदलते. प्रत्येक पुस्तकासाठी वेगळी पीडीएफ असते. ती छापून नुसती पुस्तकात खोचून ठेवली तर कोणी उघडत नाही. माझी पद्धत अशी: पेन्सिल घेऊन बसायचं आणि प्रत्येक दुरुस्ती मूळ पानाच्या समासात लिहायची, बदललेल्या वाक्याखाली रेघ मारायची. पेन नको, कारण पुढच्या वेळी तीच ओळ पुन्हा बदलू शकते. एका बैठकीत हे काम होतं आणि त्या निमित्ताने पुस्तक एकदा नजरेखालून जातं.

कोणीतरी तुम्हाला सगळ्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या फाइल पाठवीलच. घेऊ नका. ज्यांनी हे लिहिलं, चितारलं त्यांचा तो हक्क आहे, आणि व्यवहारातही त्या फाइल त्रासदायकच असतात: पानं गहाळ, तक्ते अस्पष्ट, दुरुस्त्यांचा पत्ता नाही. पॉइंट्सची बेरीज करायला ओल्ड वर्ल्ड बिल्डरसारखी मोफत साधनं आहेत, ती खुशाल वापरा. यादीतली टक्केवारी ती सांभाळतात, उदाहरणार्थ कोअर युनिट (फौजेचा कणा असलेली पथकं) फौजेच्या किमान पाव भाग असायला हवीत हे. पण त्यातून नियम शिकता येत नाहीत.

पुस्तकं हाती आल्यावर रूलबुक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायचा हट्ट धरू नका. इतिहासाचा भाग निवांत झोपताना वाचा, तो त्यासाठीच आहे. नियमांत आधी गुणांच्या रेषेचा अर्थ, रांगांची रचना, वळणं आणि चढाई एवढं वाचून टेबलावर दहा-दहा मूर्तींची दोन पथकं घ्या आणि नुसती फिरवून बघा. रंगवलेल्या नसल्या तरी चालतील, बेसवर उभ्या असल्या म्हणजे झालं. रांग वळवताना एक कोपरा जागेवर राहतो आणि दुसरा किती इंच फिरतो, हे वाचून कधीच नीट कळत नाही. मोजपट्टी धरून एकदा केलं की पुन्हा पुस्तक उघडावं लागत नाही. त्यानंतर खेळीचे चार टप्पे वाचा: स्ट्रॅटेजी, मूव्हमेंट, शूटिंग आणि कॉम्बॅट. विशेष नियमांची लांबलचक यादी वाचायला बसू नका. ती कोशासारखी आहे, लागेल तेव्हा उघडायची.

त्याऐवजी आपापल्या फौजेचा एक कागद तयार करा. डावीकडे युनिटचं नाव आणि गुणांची रेषा, उजवीकडे त्याच्या नोंदीत आलेल्या प्रत्येक विशेष नियमाचं नाव, त्यापुढे तो कोणत्या पुस्तकात आणि कितव्या पानावर आहे तो आकडा, आणि खाली आपल्या शब्दांत एका ओळीत अर्थ. मराठीत लिहिलंत तर आणखी चांगलं, कारण आपल्या भाषेत एका ओळीत मांडता आला तर तो नियम कळला असं समजायचं. असा कागद जवळ असला की दुपारभरात खेळ पुरा होतो. नसला की निम्मा वेळ पानं चाळण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच खेळावंसं वाटत नाही.

पहिले दोन-तीन खेळ प्रत्येकी 500 पॉइंट्सच्या आसपास ठेवा. त्यात जादूगार नको आणि यंत्रंही नकोत. ओल्ड वर्ल्डमध्ये जादूला वेगळा टप्पा नाही, मंत्र वेगवेगळ्या टप्प्यांत टाकले जातात, त्यामुळे खेळाचा मूळ क्रम बसायच्या आधी जादू आणली की सगळा गुंता होतो. ब्रेटोनियाचं दगड फेकणारं ट्रेबुशे आणि सांगाड्यांचं कवट्या फेकणारं यंत्र पुढे येऊ देत. ती येतील तेव्हा पुस्तकाव्यतिरिक्त मारा किती भागावर पडला हे बघायचं गोल टेम्प्लेट आणि दिशा दाखवणारा खास फासाही लागेल, तेवढं आधीच मागवून ठेवा. पुस्तकांच्या घाईत ते हमखास राहून जातं.

तुमच्यासाठी खरेदीचा क्रम असा ठेवतो. आधी रूलबुक, कारण त्या जगाची ओळख त्यातूनच होते आणि फौज निवडण्यात अजून काही शंका असेल तर ती तिथेच मिटते. मग प्रत्येकाने आपापल्या फौजेचं पुस्तक आणि त्याच दिवशी दुरुस्त्यांच्या पीडीएफ. त्यानंतर मूर्ती, त्याही पहिल्या 500 पॉइंट्सपुरत्याच. फौजेचं पुस्तक मूर्तींच्या आधी हातात असलं की कोणत्या युनिटला किमान किती जण लागतात आणि बेस कुठल्या मापाचे हवेत हे आधीच कळतं. जुन्या मूर्ती विकत घेताना तर हे बघाच, कारण आधीच्या खेळात माणसांच्या पायदळाचे बेस 20 मिलिमीटरचे होते आणि आता ते 25 मिलिमीटरचे लागतात.